ओलं की कोरडं

माझी मुलगी झाली तेव्हा सगळ्यांनी काही ना काही विचारलं. वजन किती, गोरी की सावळी, कोणावर गेली, आणि तोंड जरा वाकडं करून, पहिली मुलगीच का. दवाखान्यातून घरी आले, ऑटोतून उतरून फाटकाशी उभी राहिले, तर शेजारच्या सुमनकाकू गावंडे आल्या आणि माझ्याकडे न बघता त्यांनी सरळ दुपट्यात हात घातला. "ओलं हाये का कोरडं?"

उत्तराची वाट त्यांनी पाहिली नाही, ते त्यांच्या हाताला मिळालं होतं. "ओली हाये पोट्टी. कवापासून ओली हाये कोन जाने. अन् हे काय पुठ्ठ्यासारखं बांधलं तिले?"

दवाखान्यातल्या नर्सनं बांधलेला डायपर होता तो. काकूंनी तो माझ्याच पलंगावर सोडला, दोन बोटांत धरून बाहेर नेला आणि जाताना म्हणाल्या, "याले कोनी लेकराचा कपडा म्हनत असन, तं मी बी कलेक्टर हाये."

अमरावतीला साईनगरात त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत. माझं माहेर मोर्शी, पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही मी सासरीच राहिले होते. मला सासू नव्हती. ती उणीव काकूंनी पहिल्याच दिवशी भरून काढली, म्हणजे मला रोज बोलणी बसू लागली.

काकूंचा चेहरा आठवायला मला जरा वेळ लागतो. हात लगेच आठवतात. लांब, हाडकुळे, साबणानं बोटांची पेरं चिरलेली. गावंडेकाका पाटबंधारे खात्यातून रिटायर होऊन दोन-तीन वर्षांतच गेले होते. एकुलता एक मुलगा प्रफुल्ल अकोल्याला नोकरीला. घरात त्या एकट्या. एकट्या बाईनं करायच्या असतात त्या गोष्टी, म्हणजे भजनी मंडळ, मालिका, दुपारची झोप, यातलं त्यांना काहीच जमायचं नाही. त्यांना लेकरू लागायचं. गल्लीत कोणाकडे पाळणा हलला, की दुसऱ्या दिवशी काकू तिथे लंगोटांची चळत घेऊन हजर. बोलावणं आलं नाही तरी हजर. काहींना ते आवडायचं नाही, आणि आवडत नाही हे काकूंना कळायचंही. पण कळलं म्हणून मागे फिरणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

मला आणि माझ्या नवऱ्याला त्यांनी लंगोट बांधायला शिकवलं ते कोहळ्यावर. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोठं कोहळं आडवं ठेवलं, तिकोनी कपड्याची घडी खाली सरकवली, एक टोक वर आणलं, दोन टोकं बाजूनं ओढली आणि नाडीची गाठ कडेला मारली. "गाठ बेंबीवर नाई मारायची. बेंबी ओली असते अजून. अन् इतकी ढिली मारायची का आपलं बोट फिरलं पाह्यजे." नंतर नवऱ्याची पाळी. त्यानं गाठ इतकी कचकचून मारली की काकू म्हणाल्या, "भाऊ, बैल बांधून राह्यला का?" पुढे त्या कोहळ्याचा कोहळेपाक झाला. तो खाताना नवरा म्हणाला, मला कसंतरीच होतंय.

धुण्याचेही नियम होते. आधी गार पाण्यात नुसतं खळबळायचं, गरम पाणी लगेच ओतलं की डाग पक्का बसतो. साबण थोडा, पण निघेपर्यंत पाणी बदलत राहायचं, कारण कपड्यात उरलेला साबण लेकराच्या अंगाला खातो. वाळत घालायचं उन्हातच. आणि बांधल्यानंतर घटकाभरानं हात लावून बघायचं. हात उलटा. तळहात नाही, त्याची मागची बाजू.

"तळहात फसवते," त्या म्हणायच्या. "काम करू करू तो निबर होते, त्याले ओलं-कोरडं समजत नाई. उलटा हात लावून पाय. तो खोटं बोलत नाई."

मी एकदा वैतागून म्हटलं, काकू, दिवसभर हेच चाललंय, बांधा, सोडा, धुवा. डायपरात निदान दोन घास सुखानं खाता येतात.

"मंग खाय ना," त्या म्हणाल्या. "कोन नाई म्हन्ते? पन लंगोट भिजला का लेकरू बोंबलते, अन् बोंबललं का माय धावत येते. तेच तं पाह्यजे त्याले. तुले वाटते ते सू केली म्हनून रडून राह्यलं. ते तुले बोलावून राह्यलं."

मला तेव्हा झोप पाहिजे होती, तत्त्वज्ञान नव्हे.

काकूंचा सगळ्यात मोठा शोध कापडाचा असायचा. नवं कापड लंगोटाला चालत नाही, हे त्यांचं ठाम मत. कापड वर्षानुवर्षं अंगावर राहून, पाण्यात जाऊन, उन्हात वाळून मऊ झालेलं पाहिजे. घराघरांत पॉलिस्टरच्या साड्या आल्यापासून त्या अगदी हवालदिल झाल्या होत्या. कोणाच्या दांडीवर जुनं सुती पातळ दिसलं की त्यांची चाल मंदावायची. आमच्या गल्लीच्या टोकाला ढोलेअण्णा राहायचे, रिटायर्ड हेडमास्तर. गल्लीत धोतर नेसणारे तेवढेच. स्वभावानं इतके कडक की त्यांच्या अंगणात पडलेला चेंडू परत आणायला पोरं जायची नाहीत, नवा आणायची. माझी मुलगी पोटात असताना ते गेले. तेरवीला सगळी गल्ली जेवायला. पंगत उठली आणि काकू ढोलेकाकूंच्या शेजारी जाऊन बसल्या. मला वाटलं सांत्वन करताहेत. जवळ गेले तर कानावर आलं, "धोतराईचं काय करता मंग?"

ढोलेकाकू बघतच राहिल्या. त्यांची सून म्हणाली, "अवो काकू, गेलेल्या माणसाचे कपडे लहान लेकराले?"

"माणूस गेला," काकू म्हणाल्या. "धोतराले काय झालं? धोतर तं जित्तं हाये अजून."

गल्लीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. काहींनी कानाला हात लावले. पण धोतरं मिळाली, आणि माझ्या मुलीचे अर्धेअधिक लंगोट ढोलेअण्णांचेच होते. काही महिन्यांनी ढोलेकाकू आमच्याकडे आल्या, मुलीला मांडीवर घेतलं आणि लंगोटाच्या काठावरून बोट फिरवत राहिल्या. काठ त्यांनी ओळखला होता. मग म्हणाल्या, "जित्तेपनी यायनं कोनाचं लेकरू मांडीवर घेतलं नाई वं." हसल्या की रडल्या ते मला नीट कळलं नाही, पण त्या दिवसापासून त्या दर आठवड्याला यायला लागल्या.

काकूंच्या हाताला ओळखीपाळखीची गरज नव्हती. अकोटला माझ्या चुलतभावाच्या लग्नाला आम्ही दोघी गेलो होतो. परतताना एसटीत शेजारच्या बाकावर एक मुसलमान म्हातारी, मांडीवर नातू. सून खिडकीशी डोळे मिटून बसलेली. पोर कुरकुरत होतं. काकूंनी मधल्या वाटेतून हात घातला आणि सरळ पोराच्या ढुंगणाखाली नेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारी आधी दचकली. मग तिनंही हात घातला, तसाच उलटा, आणि म्हणाली, "हाँ बहन, गीला है. अपने को पता चलता है, इन लोगों को किधर पता चलता?" सुनेनं डोळे न उघडता पिशवीतून डायपर काढून पुढे केला. काकूंनी आपल्या पिशवीतून लंगोट काढला. म्हातारीनं लंगोट घेतला. अमरावती येईपर्यंत दोघी सुनांविषयी काय काय बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. खरं तर तेव्हा काकूंना सून यायची होती, पण तक्रारी तयार होत्या.

अशी ही धीट बाई. मेलेल्याच्या धोतराला घाबरत नव्हती, अमावस्या मानत नव्हती, दृष्ट काढणाऱ्या बायकांना हसायची. फक्त एका गोष्टीत ती वेगळी होती.

मुलगी महिन्याची असेल. चैत्रातलं ऊन. मी मागच्या मोरीत लंगोट धुऊन पिळत होते. भिंतीपलीकडून काकूंनी ते बघितलं आणि त्या वयात भिंत ओलांडून आल्या. माझ्या हातातला पीळ हिसकावला, सोडवला, आणि ओरडल्या, "पिळू नको म्हनलं ना! कितीक डाव सांगावं!"

त्यांनी आधी कधीच सांगितलं नव्हतं. लेकराचे कपडे पिळले तर लेकराच्या पोटाला पीळ पडतो, असं आमच्याकडे म्हातारे लोक म्हणतात, ते मी ऐकून होते. पण काकूंनी ते मानावं याचं मला नवल वाटलं, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. काकू मोरीच्या कठड्यावर बसल्या. लंगोट तसाच पाणी गळता मांडीवर. मग त्यांनी सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात.

प्रफुल्लच्या आधी त्यांना मुलगी झाली होती. अंजनगाव सुर्जीला, सासरी. दीड महिन्याची असताना एका सकाळी ती पाय पोटाशी घेऊन कळवळायला लागली. अमरावतीला न्यायला निघाले, पण ती वाटेतच गेली. परत आल्यावर सासूनं दोरीवरचे लंगोट दाखवले. घाईत वाळत टाकलेले, पीळ तसाच राहिलेला. सासू म्हणाली, पाय, तूनंच पिळली.

"मले समजते," काकू म्हणाल्या. "कपडा पिळल्यानं कोनी मरत नाई. मॅट्रिक झाली हाये मी. तिच्या आतड्याचं काई असन, पुढं एका डॉक्टरनं सांगतलं बी होतं. पन हात होत नाई वं. लंगोट हातात घेतला अन् पिळाले गेली का हात थांबते."

मग त्या उठल्या आणि तो लंगोट दांडीवर टाकला. खाली धार लागली. अमरावतीचा उन्हाळा, पिळलेलं आणि न पिळलेलं सारखंच, तासाभरात दोन्हींचे पापड होतात. त्यामुळे माझ्या मुलीचं काही बिघडलं नाही. मीही पिळणं सोडून दिलं. त्यात माझं काय जात होतं?

प्रफुल्लचं लग्न झालं, दोन वर्षांनी रश्मीला दिवस गेले, आणि काकू दहा वर्षांनी लहान झाल्या. आमच्याकडे रिवाज असा की बाळाचा पहिला लंगोट घरातल्या थोरल्या माणसाच्या वापरलेल्या कपड्याचा करायचा, म्हणजे त्याचं आयुष्य बाळाला लागतं. काकूंनी स्वतःचं सगळ्यात मऊ पातळ काढलं, मोतिया रंगाचं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं, आणि कात्री लावली. मला भिंतीवरून दाखवलं. "हा पयला. हा मी बांधीन. बाकीचे मंग कोनी बी बांधा." एवढंच त्यांना पाहिजे होतं. दुसऱ्यांची इतकी लेकरं त्यांनी बांधली-सोडली होती, आता स्वतःच्या नातवाला एकदा.

रश्मी नागपूरची, बँकेत नोकरीला. ती वाईट मुलगी नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्या गल्लीनं तिला वाईट ठरवायला फार वेळ घेतला नाही. बाळंतपण नागपूरला, माहेरी झालं. मुलगा झाला, विहान. तिथे पहिल्या दिवसापासून डायपर. पहिला लंगोट बांधायचा राहिलाच. काकू बारशाला जाऊन आल्या, लंगोटांची पिशवी जशीच्या तशी परत घेऊन. "लेकरू झोपून होतं," एवढंच म्हणाल्या.

श्रावणात रश्मी बाळाला घेऊन अमरावतीला आली, सुट्टी संपेपर्यंत राहायला. तिनं समजूतदारपणा दाखवला. म्हणाली, "आई, दिवसा तुमचे लंगोट, रात्री माझे डायपर. चालेल?" काकूंनी मान हलवली. त्या सकाळी मोतिया पातळाचा लंगोट विहानला बांधला गेला. मी तिथे होते. काकूंनी गाठ मारली, बोट फिरवून पाहिलं, आणि बाळाला उचलून इतका वेळ छातीशी धरलं की रश्मीला म्हणावं लागलं, आई, त्याची दुधाची वेळ झाली. तसा आनंद मी काकूंच्या तोंडावर नंतर पाहिला नाही.

दोन-तीन दिवसांत झड लागली. आमच्याकडची झड म्हणजे ऊन नावाला नाही, सारखी पिरपिर, भिंतींना घाम. काकूंच्या मागच्या व्हरांड्यात लंगोटांच्या रांगा, प्रत्येकाखाली थेंब थेंब, आणि खाली बादल्या. मी म्हटलं, काकू, निदान मशीनमध्ये फिरवून घ्या. त्या म्हणाल्या, "मशीन तं हातापेक्षा जास्त पिळते." मी म्हटलं, मग मी पिळते, तुम्ही नका बघू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे केलेला हात मागे घेतला. इस्त्री फिरव, पंख्याखाली धर, असं त्यांचं चालू होतं. उलट्या हातानं बघायच्या, म्हणायच्या, वाळला. वरून वाळलेला असायचा. दुमडीत, शिवणीत, नाडीच्या मुळाशी ओल राहायची. इतकी वर्षं खोटं न बोललेला हात त्या श्रावणात खोटं बोलला, किंवा त्याला खरं सांगायचं नव्हतं.

विहानच्या जांघा लालभडक झाल्या, कातडी सोलवटली. ते पोर सू झाली की किंचाळायचं. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, ओलसर कपड्यानं बुरशी धरली आहे. रश्मी घरी आली ती सरळ मागच्या व्हरांड्यात गेली. बादल्या पाहिल्या. एक लंगोट दांडीवरून काढून तिनं पिळला. त्यातून पाणी निघालं.

मी भिंतीच्या अलीकडे होते. ऐकू येत होतं.

"आई, हे तुम्ही पिळत का नाही?"

बादली सरकवल्याचा आवाज आला.

"मी विचारते आहे. लेकराची कातडी गेली. का नाही पिळत?"

"नाई पिळत," काकू म्हणाल्या.

"पण का?"

"नाई पिळत म्हनलं ना. आमच्यात नाई पिळत."

बस्स. सांगायला काय झालं होतं? मला सांगितलं होतं की! दोन वाक्यांचं काम होतं. मी नंतर त्यांना तसं तोंडावर विचारलं. त्या म्हणाल्या, "सुनेले काय सांगू? का मह्या हातून एक लेकरू गेलं? मंग ते दुसरं देईन का मह्या हातात?" मला त्यांचा राग आला होता, अजूनही येतो. खोट्या आरोपाचं ओझं माणूस आयुष्यभर वागवतो, आणि ते उतरवायची वेळ येते तेव्हा त्यालाच घट्ट धरून बसतो.

आठवड्याच्या आत रश्मी अकोल्याला गेली. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, भांडणानंतर माणसं निदान एकदा रडतात. सणावाराला ती यायची, पाया पडायची, फराळाचं आणायची. पण बाळाखाली काकूंचा हात गेला की लगेच, "आई, राहू द्या, मी बघते." आवाज गोड. दर वेळी गोड. काकूंनी हात काढून घ्यायला शिकून घेतलं. पुढे पुढे पोर मांडीवर असलं तरी त्या हात दोन्ही बाजूंना गादीवर टेकवून बसायच्या.

लंगोट मात्र त्या शिवत राहिल्या. पोर वाढत होतं तसे मोठ्या मापाचे. अकोल्याला कोणी जाणारं दिसलं की पिशवी धाडायच्या. विहानच्या दुसऱ्या वाढदिवसाला अकोल्याला जाऊन आल्या आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसल्या. चहा दिला. पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "प्रफुल्ल गाडी पुसून राह्यला होता."

मी म्हटलं, बरं मग?

"लंगोटानं. मऊ लागते ना गाडीले. ओरखडे पडत नाईत म्हने." थोड्या वेळानं म्हणाल्या, "ढोलेअन्नाचं धोतर होतं वं. बिचारे. कुठी कुठी जा लागलं त्यायले."

आम्ही दोघी हसलो. फार हसलो. मग त्या भिंतीला वळसा घालून घरी गेल्या. भिंत ओलांडणं कधीच बंद झालं होतं. त्यानंतर गल्लीत कोणाकडे पाळणा हलला तरी काकू गेल्या नाहीत. कोणी बोलवलंही नाही. दुकानात आता डायपरचे गठ्ठे किराण्याच्या पुढे टांगलेले असतात, बोलवायचं कशाला?

मागच्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. सकाळी दूधवाल्यानं हाका मारल्या, दार उघडलं नाही, म्हणून आम्ही कडी तोडून आत गेलो. मोरीपाशी पडलेल्या होत्या, पातळ भिजलेलं. मी ते बदललं. दवाखान्यानंतर प्रफुल्ल त्यांना अकोल्याला घेऊन गेला. काय करणार होता दुसरं? घराला कुलूप लागलं.

दिवाळीनंतर मी त्यांना बघायला अकोल्याला गेले. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आरशासारखा स्वच्छ. रश्मीनं रजा टाकली होती माझ्यासाठी. तिनं सगळं दाखवलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी, वेळेवारी लावलेली औषधं, सकाळ-संध्याकाळ येणारी नर्सिंग ब्युरोची बाई. "डायपर सगळ्यात चांगल्या कंपनीचा आणतो आम्ही, ताई. अजिबात ओलं लागत नाही. सकाळी बाई बदलते, संध्याकाळी बदलते. मध्ये काही बघावं लागत नाही." ती खरंच सांगत होती. कशातच कमी नव्हतं. आमच्या गल्लीतल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या नशिबी यातलं निम्मंही नाही.

विहान डायनिंग टेबलाशी बसून चित्र रंगवत होता. चांगला उंच झाला आहे. मी विचारलं, आजीजवळ बसतोस का? तो म्हणाला, "आजीचं बोलणं समजत नाही."

स्वयंपाकघरात चहा होत असताना मी रश्मीला सांगितलं. अंजनगाव, दीड महिन्याची मुलगी, दोरीवरचे लंगोट, सासूचं बोलणं. आता लपवून कोणाचं भलं होणार होतं? तिनं गॅस बारीक केला. मग म्हणाली, "तेव्हा सांगायचं ना त्यांनी. मी पिळून दिले असते." डोळे पुसले, चहा गाळला, आणि आम्ही तो प्यायलो. इतकंच. इतक्या वर्षांनी खरं कळून त्या घरात एक चहा तेवढा जास्त उकळला.

निघताना मी काकूंच्या खोलीत गेले. उजवा हात चादरीवर पालथा पडलेला, कोणीतरी ठेवून दिल्यासारखा. त्याची पेरं आता चिरलेली नव्हती. साबण सुटला ना. मी म्हटलं, काकू, येते मी. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. जिभेला जडपणा होता, पण मला समजत होतं.

"पाय."

मला वाटलं पायाला काही होतंय. मी पायांवरची चादर सरकवली. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "हात... लावून पाय."

मग समजलं, त्या 'पाहा' म्हणत होत्या. मी दाराकडे पाहिलं, कोणी नव्हतं. चादरीखाली हात घातला. घाईत तळहात लागला. त्या पुन्हा मान हलवायला लागल्या, चिडून, अगदी पूर्वीसारख्या.

"उलटा," त्या म्हणाल्या.

मी हात उलटा केला. धरून ठेवला. कापडासारखं काही लागत नव्हतं, पुठ्ठ्यासारखं लागत होतं, गुळगुळीत.

"कोरडं आहे, काकू," मी म्हटलं.



"कोरडंच राह्यते," त्या म्हणाल्या. "म्हनून तं कोनी येत नाई."